पिवळ्या रेघेचा पंचनामा

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरले आहेत ते इतर, आणि विसरूनही सांगत सुटले आहेत. एका वार्ताहराने तेव्हा छापले की, पळून जाणाऱ्या गॅरेजवाल्याला पोलिसांनी पाठलाग करून पकडले. चहाच्या टपऱ्यांवर अजून सांगतात की, मी एका म्हाताऱ्यावर हात उचलला. आणि माझ्याच हाताखाली काम केलेले एक हवालदार निवृत्तीनंतर लग्नकार्यांत सांगत फिरतात की, या गुन्ह्याचा धागा त्यांना सापडला. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. खरे काय घडले ते मी येथे लिहून ठेवतो.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यातील एका ठाण्याचा प्रभारी होतो. लोहाऱ्याच्या अलीकडे, पुलाजवळच्या उतारावरून एक जीप ओढ्यात गेली. जीप वस्त्या-वस्त्यांवरून दूध गोळा करणाऱ्या एका शेतकऱ्याची होती. शेजारी बसलेला त्याचा चुलता जागीच मरण पावला. मालकाचा जबडा मोडला. तो सोलापूरच्या दवाखान्यात होता, जबाब देण्याच्या स्थितीत नव्हता.

ज्यांना आमच्याकडचे काळे रान माहीत आहे त्यांना सांगायला नको. पाऊस लागला की वस्तीची वाट बैलालाही सोडत नाही. दूध तर दोन वेळा निघायलाच हवे. म्हणून या गृहस्थाने जुन्या जीपला रुंद, उंच टायर बसवले होते. मोठा टायर मडगार्डला घासतो, म्हणून आधी गाडी उचलावी लागते. गॅरेजवाल्याने स्प्रिंगचे पाटे वाढवून ती वीतभर उंच केली होती. आरटीओची परवानगी अर्थातच कोणी घेतली नव्हती. गावाने निकाल दिला : गाडी उंच केली म्हणून उलटली, गॅरेजवाल्याला आत टाका.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "गॅरेजवाला पिशवी घेऊन स्टँडवर बसलाय. पळायच्या बेतात हाय." ठाणे अंमलदारांनी डायरीत नोंद घेतली आणि मी त्याच हवालदारांना घेऊन निघालो. चाळिशीचा, हातांच्या रेषांत ग्रीस मुरलेला एक माणूस एसटीच्या बाकावर बसला होता. पिशवीत दोन कपडे, टॉवेल, दंतमंजन, साखरेच्या आजाराच्या गोळ्या आणि आधार कार्डाची झेरॉक्स.

"कुठं निघालास?" मी विचारले.

"तुमच्याकडंच, साहेब. आत टाकल्यावर घरी सोडत न्हाईत म्हणं. म्हणून समदं घेऊनच निघालो."

हवालदार म्हणाले, "अन् झेरॉक्स कशाला रं? कोठडीत काय रेशन मिळतंय व्हय?"

"आजकाल सगळीकडंच मागत्यात, हवालदारसाहेब."

पळणारा माणूस दंतमंजन घेऊन पळत नाही. पाठलाग झाला नाही. उलट परतीच्या वाटेवर त्याने आमच्या जीपचा क्लच घासतो आहे, हे आम्हाला सांगितले.

चौकशीत तो एकच वाक्य बोले : "चूक माझी हाय. लिहून घ्या." पोलिसापुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, हा एक भाग. दुसरा भाग असा की, मागण्याआधी मिळालेली कबुली मी नेहमी तोलून घेत आलो. इथे एक माणूस मेला होता आणि हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा हा एकटा डोक्यावर घेऊ पाहत होता. मयताची पत्नी फिर्यादी होती. जबाबावर अंगठा उठवून ती म्हणाली, "त्याला आत टाकल्यानं माझा माणूस उठून येणार न्हाय, साहेब. पण झालं कसं, तेवढं मला सांगा." तो प्रश्न माझ्या अंगाला चिकटला.

जीप क्रेनने ठाण्याच्या आवारात आणली. मोटार वाहन निरीक्षकांनी खाली शिरून पाहिले. ॲक्सल आणि पाटे यांना आवळून धरणारे यू-बोल्ट पुढच्या डाव्या बाजूला ढिले होते. त्यामुळे ॲक्सल मागे सरकला आणि उतारावर जीप डावीकडे ओढली गेली. उंची हे कारण नव्हते. ढिले नट हे कारण होते.

निरीक्षक गेल्यावर मी स्वतः बॅटरी घेऊन जीपखाली झोपलो. पंचनाम्यात ते आहे. तेव्हा मला पिवळ्या रेघा दिसल्या. हा गॅरेजवाला नट आवळून झाला की नटापासून बोल्टापर्यंत ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढत असे. नट फिरला तर रेघ जुळत नाही. मोजमाप न करताही नजरेला कळते. उजव्या बाजूच्या सर्व रेघा सलग होत्या. डाव्या बाजूच्या एकाही नटाची रेघ जुळत नव्हती. शिवाय तिथे पाट्याखाली एक लोखंडी पाचर होती, उजवीकडे नव्हती.

मी त्याला तिथेच उभे केले. "हे नट नंतर खोलले कोणी?"

"म्याच."

"मग आवळल्यावर नवी रेघ का नाही ओढलीस?"

प्रत्येक नटावर रेघ ओढणारा माणूस चार नट विसरत नाही. मी आवाज चढवला, चहा पाजला, दोन तास नुसता समोर बसलो. उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत ठाण्यात आले. पांढरी टोपी, स्वच्छ धुतलेला सदरा. या गॅरेजवाल्याला पाना धरायला शिकवणारे ते उस्ताद. स्वतःचे गॅरेज बंद झाल्यापासून शागिर्दाच्या गॅरेजसमोर खाट टाकून बसत.

"साहब, पाना मेरा था," ते म्हणाले. गाडी उंच केल्यावर स्टिअरिंग हातात राहीना म्हणून मालक जीप परत घेऊन आला होता. शागिर्द त्या दिवशी अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला गेला होता. उस्तादांनी खाटेवरून उठून स्वतः नट खोलले, पाचर बसवली, नट आवळले. इलाज बरोबर होता. आवळणे बरोबर नव्हते.

मी विचारले, "नीट आवळले नाहीत?"

त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि माझा पंजा पकडला. "दबाया देखो. पूरा जोर है ये. इतनाच बचा है अब." त्या पकडीत बाटलीचे झाकणही फिरले नसते. त्या दिवशी ठाण्यात हात उचलला गेला तो एवढाच, आणि तोही त्यांचा.

मी गॅरेजवाल्याला कोठडीतून बाहेर आणवले. तो कळवळून म्हणाला, "उस्ताद, तुमी कशाला आलाव?"

"तू झूठ बोलेगा और मैं खाटपे बैठके सुनूंगा? ये सिखाया क्या तेरेकू?"

तेव्हा तो बोलला. अणदूरहून परतल्यावर जीप गॅरेजातच उभी होती. तुटलेल्या रेघा त्याला दिसल्या. त्याने पाना हातात घेतला. "उस्ताद समोर खाटंवर बसून बघत व्हते, साहेब. पाना ठिवून दिला. उस्तादानं आवळलेल्या नटाला शागिर्द पाना लावत न्हाय. लावला म्हंजे तोंडावर थुंकल्यासारखं."

मग उस्ताद हळू म्हणाले, "लगाना था रे. एक बार लगाके देखना था."

म्हणजे त्याची कबुली खोटी नव्हती, अपुरी होती. मी दोषारोपपत्रात दोघांची नावे घातली, आणि परवानगीशिवाय फेरफार केल्याबद्दल मालकाचेही. कोणाला सोडले, कोणावर मेहेरबानी केली, असे म्हणणाऱ्यांनी ते पत्र वाचावे. मयताच्या पत्नीला मी समोर बसवून सगळे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "म्हाताऱ्याला तारखंला लांब आणू नका." त्यांना फार तारखा लागल्याही नाहीत, निकालाआधीच ते गेले. शागिर्दाला सौम्य शिक्षा झाली. ती भोगून तो परतला. समोरची खाट त्याने हलवली नाही, पण आता तिच्यावर कोणीही बसले असले तरी तो नटाला पाना लावून पाहतो.

नोकरीभर मी समजत आलो की गुन्हा द्वेषातून किंवा लोभातून होतो. आदरातूनही माणूस मरतो, हे मला त्या जीपखाली कळले. वडीलधाऱ्याचे काम तपासणे हा अपमान नव्हे. हे लिहायला सोपे आहे. स्वतः वडीलधारे झाल्यावर पाळायला अवघड.

म्हणून हा मजकूर संपादकांकडे पाठवण्यापूर्वी मी त्या हवालदारांनाच वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "समदं बरोबर हाय, साहेब. पण बॅटरी माझ्या हातात व्हती. रेघ आधी म्या दाखिवली."

माझ्या मते ते चुकत आहेत. परंतु त्यांचे वाक्य खोडण्यासाठी उचललेले पेन मी खाली ठेवले आहे. वाक्य वर आहे तसे राहू द्यावे.