पडून राहणाऱ्या बाईची भूक

शालू, जरा जवळ सरक, आणि तोंड वाकडं करू नकोस. पायाला प्लास्टर आहे, काम नाही, म्हणून तू अर्धीच भाकरी खातेस, असं तुझ्या लेकीने फोनवर सांगितलं. वेडी आहेस का गं? हाच वेडेपणा मी करून बसलेय.

राई गावातल्या घरी सासूबाई कामाप्रमाणे ताट वाढायच्या. मिठागरावर जाणाऱ्याला तीन भाकऱ्या, घरी बसणाऱ्याला दीड. ते अंगात मुरलं होतं. माझं खुब्याचं ऑपरेशन झालं, जेसल पार्कला लेकाकडे पडून होते, तेव्हा देवीला नवस बोलले, चालायला लागेपर्यंत एकवेळच जेवेन. सून वैतागायची. "आई, तुमचा मोबाईल दिवसभर पडूनच असतो, तरी बॅटरी उतरते ना?" मी हसण्यावारी न्यायचे. जखम मात्र भरेना. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बघू, नाहीतर पुन्हा उघडावी लागेल. त्यांना उपासाचं सांगितलंच नाही. घाबरून, देवी लवकर पावावी म्हणून, एकवेळचंही अर्ध्यावर आणलं.

एका सकाळी सून दळण घेऊन गिरणीत गेलेली, दार लोटलेलं. तेलाची बाटली घेऊन एक अनोळखी बाई आत आली. बाळंतिणींची मालीश करणारी, विंग चुकलेली.

"मौसी, बच्चा किधर है?"

"बच्चा नहीं, मैंच है."

ती खळखळून हसली. मग स्टुलावरचं झाकलेलं ताट तिला दिसलं. का खात नाही ते मी सांगितलं. तिने गोधडीखाली हात घातला. "ये किसने गरम किया? अंदर चूल्हा चालू है, मौसी. बच्चा दिनभर सोता है, तो भी दूध के लिए चिल्लाता है. वो कौनसे खेत में जाता है?" ताट माझ्या हातात देऊन ती गेली.

मी तशीच पडून. श्वासाने पोट वरखाली होत होतं, छातीत ठोके चालू होते. मिठागर आठवलं. पाणी निपचित दिसतं, आणि तळाशी मीठ धरत असतं. जन्मभर बघितलं, पण स्वतःच्या अंगाला कधी लावून पाहिलं नाही. देवीला म्हटलं, नवस तुझा तुला परत. आणि जेवले. दोन्ही वेळा जेवू लागले.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, जखम भरू लागलीय, उघडायला नको, आणखी थांबू. महिन्याने भरली. ती बाई पुन्हा दिसली नाही. देवीने धाडली की विंगच चुकली, मी विचारत नाही. श्वास, अंगाची ऊब, जखमेचं भरणं, यातलं मी काय करत होते? चालवणारी चालवत होती. मी आड येत होते, तेवढी बाजूला झाले.

प्लास्टर निघालं की लवकर माझ्याकडे ये. तीन-तीन भाकऱ्या वाढेन. दोघी नुसत्या बसून खाऊ.