मॉरिशसच्या आजींची मराठी

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये मी नर्स आहे. एका दुपारी शेजारच्या वॉर्डातून फोन आला, "एक इंडियन आजी आहेत, घरात पडल्यात. काहीतरी असंबद्ध बोलतायत. स्ट्रोक असेल. तू येतेस का?"

आजी पलंगाची कड धरून ओरडत होत्या. मनगटावरच्या पट्टीवर आडनाव चक्क कोकणातलं. मी म्हटलं, "आजी, काय होतंय?" त्यांनी परक्याकडे बघावं तसं बघितलं. हिंदीही कळेना. आपल्याच माणसाची भाषा अशी एका क्षणात पुसली जाते?

तेवढ्यात त्यांचा मुलगा पोचला. दोन वाक्यं ऐकून म्हणाला, "ही क्रिओल बोलतेय. आम्ही मॉरिशसचे. खुबा दुखतोय म्हणतेय, आणि इतकी घाबरलीय की इंग्रजीही सुचत नाहीये."

मेंदू ठीक होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर आजी माझ्याशी छान इंग्रजीत बोलू लागल्या. "पणजोबांना इंग्रजांनी ऊस तोडायला बेटावर नेलं. पण आधी तिथे फ्रेंचांचं राज्य. त्यांच्या मळ्यांवर गुलामांनी जी बोली घडवली, तीच आमची झाली. शाळेत इंग्रजी, पेपरात फ्रेंच, भांडायला क्रिओल. गोड आहे हं ती! मराठी राहिली देवापुढे."

मग हात जोडून त्यांनी आपला रोजचा मंत्र म्हटला, "तिन्हीसांजा झाल्या, पोरांनो घरात या." आणि विचारलं, "माझी आजी शिकवून गेली. कुठल्या देवाचा गं हा?"

मी कसाबसा अर्थ सांगितला. त्या खुदकन हसल्या. "म्हणजे जन्मभर मी देवालाच घरात बोलावत होते!"

मला हसू आलं नाही. शिफ्ट संपवून लेकीला शाळेतून घेतलं. गाडीत विचारलं, "आज काय केलंस?"

"नथिंग मच, मम."

रोजचंच उत्तर, पण आज आजींचा मंत्र आठवला. आम्हाला तर कुणी जहाजात कोंबून आणलं नव्हतं. आम्ही हौसेने व्हिसा मागितला होता. हिच्या नातवंडांपर्यंत माझं कुठलं वाक्य पोचेल, आणि कळेल का त्यांना?

"मराठीत सांग!" मी जवळजवळ किंचाळलेच.

ती दचकली. "व्हॉट्स रॉन्ग, मम?"

मला कुठल्याच भाषेत सांगता येईना.