कोतवाल बुकातला अंगठा

आमच्या खानदानात कॉलेज पाहिलेला मी पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो. पण बी.ए. होऊनही माझा आजा कसा होता हे मला एका ओळीत सांगता आलं नसतं. तो गावचा कोतवाल होता, एवढंच ऐकून होतो. धम्म स्वीकारल्यावर माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, आज्याकडून आलेलं ते गावकीचं काम सोडलं आणि त्याबद्दल बोलणंही सोडलं. भंडाऱ्याकडचं गाव सोडून ते भिलाईला आले. पोलादाच्या कारखान्याचे पाये खोदले जात होते, तिथं ठेकेदाराकडे लागले.

आजा शोधायची पाळी आली ती बाबूजींच्या नोकरीपायी. कारखाना उभा होत आला, ठेक्यावरच्या काही माणसांना परमनंट घेणं सुरू झालं. बाबूजींच्या कागदावर वय होतं बावन्न. त्या वयाला घेत नव्हते. भरतीच्या दिवशी ते सिमेंटच्या गोण्या उतरवून तसेच रांगेत उभे राहिले होते, डोकं, भिवया, मिशा सगळं पांढरं. ठेकेदाराच्या माणसानं एकदा वर पाहिलं आणि बावन्न लिहून टाकलं.

"मग तुम्ही हो कावून म्हटलं?" मी विचारलं.

"साहेब लिहून राहिला होता. मधात कसा बोलू?"

आई चुलीपासून म्हणाली, "आंघोळ करून गेले असते तं दहा वर्सं वाचली असती!"

महिनाभरात जन्माचा पुरावा द्यायचा होता, नाही तर ठेक्याचं काम संपलं की भिलाईलगतच्या कोहक्यातली झोपडी मोडून परत गाव. बाबूजींना जन्माची खूण एकच माहीत होती, गावचं तळं फुटलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. तेवढी घेऊन मी पॅसेंजरनं तहसिलीच्या गावी गेलो.

रेकॉर्ड रूममधल्या बाबूनं आमच्या गावचे लाल कापडातले बस्ते माझ्यापुढं आदळले. "हे कोतवाल बुक. गावात कोणी जन्मलं, मेलं, का कोतवालानं ठाण्यात पायी येऊन खबर द्यायची. मुन्शी लिहून घ्यायचा. नावानं शोधू नको, खबर येई तवा पोराचं बारसं बी झालेलं नसे. बापाचं नाव पाहा."

पहिलं पान उघडलं. खबर देणाऱ्याच्या रकान्यात एक अंगठा, मधोमध आडवी चीर. खालच्या ओळीत तोच. पुढच्या पानावर तोच. पान उलटत गेलो, साल बदललं, मुन्शीचं अक्षर बदललं, अंगठा बदलला नाही. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. हा माझा आजा! एक अक्षर न येणारा माणूस अख्ख्या गावाचं जन्म-मरण डोक्यात घेऊन ठाण्यापर्यंत चालत गेला होता. ज्यांनी त्याला ओसरीवर चढू दिलं नाही, त्यांची पोरं जन्मल्याचा सरकारी पुरावा म्हणजे हा अंगठा.

मग एक पान आलं, एकाच तारखेचे अकरा मृत्यू. अकराही ओळींत एकच शब्द, "बुडून". अकराही ओळींत आज्याचा अंगठा. तळं फुटल्याचं साल सापडलं. पुढचा हिवाळा काढला. मुलगा. बाप, कोतवाल. खबर देणार, कोतवाल. बाबूजी एक्केचाळीस वर्षांचे होते.

त्या ओळीची सरकारी नक्कल काढून दिली, ती लागू पडली. बाबूजी परमनंट झाले. पण ती नक्कल हातात घेतली तेव्हा ते उलटसुलट पाहत राहिले. "बाचा अंगठा कुठं हाय यात?"

"नकलेत अंगठा येत नाही, बाबूजी. तो बुकातच राहते."

परमनंट झाल्यावरची पहिली सुट्टी त्यांनी त्यासाठीच टाकली. रेकॉर्ड रूमच्या दारात त्यांनी चपला काढल्या.

बाबू हसला. "देऊळ हाय का हे?"

"माहा बाप हाय अंदर," बाबूजी म्हणाले.

बाबूनं आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

मला वाटलं होतं, ते स्वतःच्या जन्माची ओळ पाहतील आणि उठतील. ती त्यांनी पाहिली, अंगठ्यावरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "आता बाकीचं वाच."

मी एक नाव वाचलं.

"थांब. हा पाटलाचा धाकटा. तवा नदी भरून वाहे. बा पोहून गेलता याची खबर द्याले. वापस आला तं चार दिस तापानं पडून. आता फुडचं वाच."

मी वाचत गेलो, ते सांगत गेले. ज्या कामाचं नाव त्यांनी घरात कधी काढलं नव्हतं, ते ओळीओळीनं बाहेर येत होतं. मी वहीत उतरवत होतो. आमच्या घराण्याच्या इतिहासाची पहिली पानं अशी भरली, दुसऱ्यांच्या जन्मांनी.

बाबूनं घड्याळ पाहिलं. "टाइम झाला. बंद करून राहिलो."

"करा जी," बाबूजी म्हणाले. "उद्याची बी सुट्टी घेतली हाय म्या. पगारी."