अंगठ्याने बसणारी वाटी

आमच्या भाऊजींना सगळं येतं. असं ते स्वतःच सांगतात, आणि ऐकायला कोणी नसलं तर टायरच्या ढिगाला सांगतात. बसथांब्याच्या मागे त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारचा गाळा माझा, लेथ आणि वेल्डिंगचा. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे त्यांचं ज्ञान मला फुकट मिळतं. ताईने या माणसात काय पाहिलं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बोलतात छान." पोपटही बोलतो!

भाऊजींची सगळी कारागिरी एका पट्टीत मावते. हँडल खिळखिळं झालेली सायकल आली, की ते थंड पेयाचा रिकामा डबा कापतात, ती पट्टी हँडल जिच्यात फिरतं त्या हेडसेटच्या वाटीभोवती गुंडाळतात आणि वाटी फ्रेमच्या नळीत ठोकतात. वर बोटभर ग्रीस. ग्रीसमुळे काही दिवस आवाज दबतो. गिऱ्हाईक परत आलंच, तर "रस्ते खराब आहेत." नाचता येईना, अंगण वाकडं.

यंदा भाचीला नोकरी लागली, उताराखालच्या औषधांच्या गोदामात. लेकीसाठी भाऊजींनी भंगारातून एक फ्रेम उचलली. ती कुठेतरी जोरात आदळली असणार, कारण पुढच्या नळीचं खालचं तोंड फाकून लांबट झालं होतं. मी वाटी लावून पाहिली. जी ठोकून ठोकून बसायला हवी, ती अंगठ्याने आत गेली आणि अंगठ्यानेच बाहेर आली.

"भाऊजी, इथे पट्टी चालायची नाही, उतारावर हँडलचा ताबा सुटेल," मी म्हणालो. "तोंड आवळून गोल करू, बाहेरून पोलादी कडं चढवून जोडू, मग आतून कापून वाटीच्या मापाला आणू. मी करतो ना."

"तुला लोखंड दिसलं की जाळावंसं वाटतं," ते म्हणाले. "सायकलला हात लागतो, हात!"

खरं कारण वेगळंच होतं. स्वतःच्या मुलीची सायकल मेहुण्याने नीट केली, हे चार लोकांना कळलं असतं. या माणसाचं नाक सायकलच्या चाकापेक्षा मोठं आहे. त्यांनी एकाच्या जागी दोन पट्ट्या घातल्या आणि वरून लाल रंग फासला.

नोकरीवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही सगळे उताराच्या माथ्यावर जमलो. वाटी सैल आहे का बघायला भाचीने पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली. टक. पुन्हा हलवली. टक. भाऊजींनी पाना काढून वरचा नट असा आवळला, की हँडलच वळेना. मग थोडा सैल केला. टक.

"नवीन आहे, बसेल हळूहळू," भाऊजी म्हणाले.

"बाबा, आधी तुम्ही खाली जाऊन दाखवा ना," भाची म्हणाली.

भाऊजींचा गुडघा दुखायला लागला. मग सीट त्यांच्या उंचीची नव्हती. मग चपलेचा अंगठा तुटायला आला होता. तोवर शेजारचे दोघेतिघे बघायला थांबले होते, त्यामुळे मागे फिरायची सोय उरली नाही. भाऊजींनी हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि सायकल ढकलत, रस्त्याच्या अगदी कडेकडेने, उतार चालत उतरले. खाली पोचल्यावर वळून ओरडले, "बघ, लोण्यासारखी चालते! ये, आता तू बस!"

कोणी हसलं नाही. ताई हळूच म्हणाली, "हे स्वतः नाही बसले."

इतकी वर्षं मी या माणसाला मूर्ख समजत आलो, आणि मूर्ख म्हणून निम्मं माफही करत आलो. मूर्ख नव्हता तो. प्रत्येक पट्टी गुंडाळताना ती टिकणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तो पोटच्या पोरीला बस म्हणत होता. मला त्याची किळस आली.

ताई उतार उतरून गेली. तिने त्याच्या हातातून सायकल काढून घेतली. तो काहीतरी समजावत होता, हातवारे करत होता. ती ढकलत वर आली, त्याच्या दुकानासमोरून न थांबता पुढे गेली आणि सायकल माझ्या गाळ्यात लावली.

"कडं चढव," ती म्हणाली. "आणि झालं की आधी मी बसून खाली जाणार."