रुखवतातली खाण

ताईच्या लग्नाची कॅसेट मीच शूट केली, मीच जोडली आणि दोन घरांत अबोलाही मीच लावला. नव्वदच्या दशकात बालाघाटात माझं व्हिडिओचं दुकान नवंनवं होतं. नागपूरच्या एका उस्तादाकडून मी एकच नियम शिकून आलो होतो. आधी वस्तू दाखव, लगेच पाहणाऱ्याचा चेहरा दाखव; लोकांना वाटतं, तो तेच पाहतोय. झालं, माकडाच्या हाती कोलीत!

बाबा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते, म्हणून आईनं रुखवतात चक्क खाण मांडली होती. काळ्या तिळाच्या लाडवांचा डोंगर, कुरडयांचं कुंपण, वर पापडाची ट्रॉली. महिनाभर तिनं आम्हाला स्वयंपाकघरात सुखानं चहा घेऊ दिला नाही. लग्नाच्या संध्याकाळी डोंगराला भगदाड दिसलं, तेव्हा तिनं सरळ मलाच धरलं. मी शपथ घेतली. माझ्या शपथेला घरात काडीची किंमत नव्हती.

कॅसेट जोडताना खाण होती, पण पाहणारा चेहरा सापडेना. पंगतीत मी ताईच्या सासूच्या, विहीणबाईंच्या तोंडावर हॅलोजनचा झोत मारला होता, तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं होतं. घेतला तोच तुकडा, दिला खाणीमागं जोडून.

आईनं कॅसेट पाहिली. खाण, आणि लगेच विहीणबाईंचं वाकडं तोंड.

"माह्या खाणीले पाहून नाक मुरडलं तिनं," म्हणाली आणि टीव्ही बंद केला. ताईचं सासर बैहरला. तिकडं पाऊल टाकणंही बंद. ते तोंड पंगतीतलं आहे हे मी परोपरीनं सांगितलं. ती म्हणे, डोळ्यानं पाहिलं ते खोटं कसं?

ताईला सातवा लागला. सासरी डोहाळजेवण ठरलं आणि तिचा निरोप आला, आई येणार नसेल तर मी ओटी भरून घेणार नाही. ताई तिकडं रडत होती आणि कारण काय, तर माझा एक जोड. मला स्वतःचीच लाज वाटली. दुकानातून न कापलेली कॅसेट आणली आणि आईला टीव्हीपुढं बसवलं.

पंगत आली. हॅलोजन, वाकडं तोंड, डोळ्यांवर पदर. आई जरा नरमली. पुढं नुसतीच खाण दिसत राहिली, कारण जेवायला बसताना मी कॅमेरा रुखवतासमोर ठेवून बंद करायला विसरलो होतो. जोडताना हे पुढचं मी पाहिलंच नव्हतं. आता टीव्ही बंद करायला उठलो, तेवढ्यात पडद्यावर विहीणबाई आल्या. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, खाणीतून लाडू ओढला आणि चावला. हॅलोजन नाही, काही नाही, तोंड अगदी तस्संच वाकडं. वर गालावर हात.

मी म्हटलं, मेलो. आता ही जन्मात बैहरला जात नाही.

"पुन्हा लाव," आई म्हणाली. तीनदा लावायला लावलं आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाक कडक झालता रे. मले तवाच माहीत होतं."

भगदाडाचा आळ माझ्यावर घेतला होता, त्याबद्दल मात्र मला कुणी काही म्हटलं नाही.

बैहरला आईनं ताईची ओटी भरली. मग पिशवीतून डबा काढला आणि पहिला तिळाचा लाडू विहीणबाईंच्या हातावर ठेवला.

"घ्या विहीणबाई. हा नरम आहे."

विहीणबाईंनी लाडवाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, मग माझ्या कॅमेऱ्याकडं. मी तो मुकाट बंद केला.