शुक्र दिसला
दिनदर्शिकेत ‘शुक्राचा अस्त’ असं वाचलं की मला चौसाळ्याच्या आमच्या घराची गच्ची आठवते. माझं लग्न नांदूरघाटच्या मुलाशी ठरत आलं होतं, तो मला मनापासून आवडला होता, आणि नेमके गुरुजी म्हणाले, “शुक्र सूर्याच्या लई जवळ गेलाय. त्याच्या तेजात झाकला, बळ गेलं त्याचं. परत दिसंपर्यंत मुहूर्त न्हाई.” काका लगेच म्हणाले, “तवर दुसरं स्थळ बघू.” मग रोज संध्याकाळी वाळत घातलेल्या मिरच्या उचलायच्या निमित्तानं मी गच्चीवर जायचे आणि ठसक्यानं शिंकत मावळतीकडं बघायचे. एकदा तिथंच मोबाइल वाजला. नांदूरघाटहून तो धापा टाकत ओरडत होता, “दिसला! पाण्याच्या टाकीवर चढलोय, शुक्र दिसला!” मी मान वर केली, तर खरंच एक ठिपका लुकलुकत होता. माझं ओरडणं ऐकून वडील वर आले. त्यांनी आभाळाकडं पाहिलं, फोन घेतला आणि म्हणाले, “जावईबापू, आधी खाली उतरा, पडताल.” जावई हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. अक्षता पुढं पडल्या, पण माझ्या लेखी आमचं लग्न त्या गच्चीवरच लागलं.