फटफटीच्या दिव्यांचा अर्थ

कपबशी आधी खाली ठेवा. मागं हाच किस्सा सांगत होतो तर आमच्या हेडमास्तरांच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचा राग त्यांनी वर्षभर माझ्या रजेच्या अर्जांवर काढला. तेव्हा माझी फजिती ऐकायची तर मोकळ्या हातांनी ऐका.

लढाई नुकतीच संपली होती. मी रहिमतपूरला शाळेत मराठीचा मास्तर. मास्तर म्हणजे कसला? वेलांटी चुकली की कान पिरगाळणारा! आणि शब्दांचे अर्थ विचारण्यात तर माझा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. हे तेवढं ध्यानात ठेवा हं.

तर त्या साली मी लष्कराच्या लिलावातली एक फटफटी घेतली. गावात तेवढी एकच! माझी बायको, इंदू, तेव्हा माहेरी मेढ्याला होती. मी तिला पत्रावर पत्रं टाकतोय, 'फटफटीवरून न्यायला येतो.' तिचं उत्तर आलं, 'लवकर या, सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलंय.' मी तर हवेतच!

पण मधे सासरे होते ना! पेन्शनीत आलेले सुभेदार. पलटणीत टेलिफोनच्या तारा टाकण्यात हयात गेलेली. त्यांचं कार्ड आलं, 'फटफटीच्या एका दिव्यावर माझी लेक डोंगरातल्या रस्त्यानं जायची न्हाई. पुढं दोन दिवे जादा लावा आन् तिन्हीसांजेला मला पेटवून दाखवा. पेटले तर लेक फटफटीवर बसंल. न्हाईतर ती प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं यील, आन् फटफटी माज्या दारात आणायची न्हाई.'

आता आली का पंचाईत? इंदूनं मैत्रिणींना सांगून ठेवलेलं!

तडक साताऱ्याला बाबालाल मिस्त्रीचं दुकान गाठलं. त्याच्याकडं लष्करी ट्रकचे दोन दिवे होते. दिवे कसले, परातीच त्या!

"मिस्त्री, बसवून द्या."

"मास्तर, मी निगालो इस्लामपूरला. भाचीचं लगीन हाय. आठ दिस थांबा."

"आठ दिवस? छे! मला नुसतं सांगा, मी बसवतो. त्यात काय!"

हे 'त्यात काय' माझ्या तोंडून निघालं की घरचे आधी माझ्या हातातलं काम काढून घेतात. पण घरचं कुणी जवळ नव्हतं.

बाबालालनं बिचाऱ्यानं नीट समजावलं. "बॅटरीवरनं तार घ्या. बॅटरीच्या जवळच फ्यूज घाला. मग स्विच, मग दिवा. तार सायलेन्सरपासनं लांब ठेवा, न्हाईतर वरचं रबार जळंल आन् फटफटीची होळी हुईल. आन् दिव्याची दुसरी तार अर्थाला जोडा. अर्थ लय चांगला पायजे बगा. अर्थ न्हाई, तर दिवा न्हाई!"

अहो, मला भरून आलं! साधा मिस्त्री, आणि काय बोलून गेला! मी वहीत उतरवून घेतलं: 'अर्थ नाही, तर दिवा नाही.' आता 'अर्थ म्हणजे काय हो?' असं मराठीच्या मास्तरानं मिस्त्रीला विचारायचं? जीव गेला तरी नाही.

रविवारी सकाळी कामाला बसलो. झटका बसू नये म्हणून दिवे लोखंडाला लावलेच नाहीत. सागवानी फळी आणली, ती हँडलला दोरीनं आवळली आणि तिच्यावर दिवे ठोकले. तारांवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. फ्यूज बॅटरीजवळ, तार सायलेन्सरपासून हातभर लांब. काय काम झालं होतं म्हणता!

उरली दुसरी तार. अर्थाची.

धर्म, अर्थ, काम, मोक्ष, सगळं आठवून झालं. अर्थ म्हणजे पैसा? मग तार काय खिशात घालू? अर्थ म्हणजे मतलब? फटफटीत मतलब कुठं असतो? इंजिन नुसतं फटफट करतं, त्याला काही अर्थ नाही. चाक गरगर फिरतं, त्यालाही नाही. मग अख्ख्या फटफटीत अर्थपूर्ण बोलतं कोण?

हॉर्न! 'बाजूला व्हा' असं स्वच्छ सांगणारा एकटा हॉर्न!

माझ्या बुद्धीचं मलाच कौतुक वाटलं. हॉर्नला दोन स्क्रू होते. एकाला बॅटरीची तार, दुसऱ्याला बटणाची. बोलायचं ते बटण दाबल्यावर, म्हणून बटणाकडच्या स्क्रूला मी अर्थाची तार पक्की आवळली.

स्विच दाबला. दिवे ठार. पुन्हा दाबला. काही नाही. वैतागून हँडलवर हात आपटला, तो अंगठा पडला हॉर्नच्या बटणावर. पॉंऽऽऽ! आणि दोन्ही दिवे भक्कन पेटले! अंगठा उचलला, दिवे गेले. दाबला, पेटले.

दुसरा कुणी घाबरला असता. मी? मी म्हटलं, वा! दिवाही आणि हॉर्नही, दुहेरी सुरक्षितता. लष्करात असंच असणार!

दुपारी मेढ्याला पोचलो. सुभेदारांच्या दारात ही गर्दी! इंदू नवं लुगडं नेसून, ट्रंक भरून, मैत्रिणींच्या घोळक्यात उभी. तिन्हीसांज झाली. सुभेदार छडी घेऊन पुढं आले.

"लावा दिवं."

मी स्विच टाकला आणि हॉर्न दाबला. पॉंऽऽऽ! लख्ख उजेड! शेजारच्या दावणीचा बैल दावं तोडून पळाला, त्याच्यामागं त्याचा धनी, आणि धन्याच्या मागं त्याचं कुत्रं.

"आवं जावयबापू, हॉर्न सोडा!" सुभेदार ओरडले.

सोडला. अंधार.

"दिवं का घालवलं?"

दाबला. पॉंऽऽऽ! सासूबाई कानांवर हात ठेवून आत गेल्या. म्हातारे पोलीस पाटील काठी घेऊन धावत आले, "कुठं हायती? कुठं हायती दरोडेखोर?"

"मामा, ही सुरक्षित पद्धत आहे!" मी हॉर्नच्या वर आवाज काढून ओरडलो. "लष्करी!"

"पलटणीत असा दिवा लावला असता तर शत्रूच्या आदी आमच्याच सायबानं गोळी घातली असती! थांबवा ते!"

त्यांनी कंदील मागवला. वाकून एकेक तार बोटानं चाचपली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, ह्याचा अर्थ कुटं हाय?"

"कशाचा, मामा?"

"दिव्याचा! दिव्याचा अर्थ!"

परीक्षाच घेतायत म्हणायची! मी छाती काढली. "दिवा म्हणजे दीप. अंधार नाहीसा करून प्रकाश देणारे साधन."

सुभेदारांची मिशी हलायला लागली.

"आवं, अर्थ! इंग्रजी अर्थ! अर्थ म्हंजी जमीन! जल्मभर मी अर्थच्या खुट्ट्या जमिनीत ठोकत आलो. फटफटीचं लोखंड हाच तिचा अर्थ, आन् तुमी नेमकं लोखंडच सोडून समदं जोडलंय!"

अख्खं मेढं हसलं हो! पोलीस पाटील तर काठीवर लवून हसत होते. मैत्रिणींनी पदर तोंडात कोंबले. इंदू ट्रंकेवर मटकन बसली.

सुभेदारांनी चाकूनं सांगाड्याचा रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, तार बोल्टखाली आवळली. स्विच टाकला. दिवे पेटले, मुकाट्यानं!

"पेटले, मामा! मग इंदूला बसवू?"

"तारा जोडल्या कुनी? मी. म्हंजी पास झालो मी. तुमी नापास." त्यांनी मागच्या सीटवर टांग टाकली. "लेकीला बसवायच्या आदी मी बसून बगतो. हं, चला!"

मला वाटलं, वेशीपर्यंत. वेस गेली. सातारा आला, म्हातारा मागून "आनी पळवा, आनी पळवा!" ओरडतोय. कोरेगाव गेलं. बायको आणायला गेलेला मी, सासरा घेऊन घरी आलो! आणि त्यांना फटफटीची अशी गोडी लागली म्हणता, रोज संध्याकाळी फेरी मारल्याशिवाय जेवायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी इंदू सर्व्हिस मोटारीनं आली. ट्रंक उंबऱ्यावर आपटली. ओसरीवर सुभेदार, तिचे आबा, पाय पसरून बसलेले तिनं पाहिले, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आवं मास्तर," ती म्हणाली, "लग्नाचा अर्थ तरी तुमाला ठावा हाय, का त्यो बी आबांनाच इचारणार?"